धानाला पाणी कधी अन् किती? आमगाव तालुक्यात नहर, बोडी, बोअरचे पाणी सोडण्याआधी काय पाहावे

आमगाव : रोवणी आटोपली, बांधीत पाणी उभे आहे, वर ढगही आहेत. तोवर पाण्याचा विचार कोणी फारसा करत नाही. विचार सुरू होतो तो सप्टेंबरच्या शेवटी. पाऊस उघाड देतो, बांधीला भेगा पडू लागतात, लोंबी अजून पोटात असते आणि नहरावर, बोडीवर, डीपीवर सगळे एकाच वेळी धावतात. त्या आठ-पंधरा दिवसांत ज्या धानाला पाणी मिळाले त्याचा दाणा भरतो. ज्याला मिळाले नाही त्याच्या लोंब्या पोचट निघतात. जुलै-ऑगस्टमध्ये कितीही पाणी पाजले असले, तरी हे नुकसान भरून निघत नाही.

म्हणून पाण्याचा निर्णय 'पाणी आलंय, घेऊन टाका' असा घ्यायचा नसतो. मुळाशी ओल किती आहे, पीक कोणत्या अवस्थेत आहे आणि पुढच्या चार-पाच दिवसांत पाऊस आहे का, या तीन गोष्टी आधी पाहायच्या असतात. त्यासाठी मोठा खर्च लागत नाही. एक फूटभर पाइप, एक पट्टी, एक ड्रम आणि वही एवढे पुरते.

तालुक्याचे पाणी येते कुठून

गोंदिया जिल्ह्यात वर्षाला साधारण १२०० ते १३०० मिलिमीटर पाऊस पडतो. त्यातला बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच येतो. आकडा मोठा दिसतो, पण पाऊस सारखा पडत नाही. एका आठवड्यात बांधी फुटेस्तोवर पाणी, तर पुढचे पंधरा दिवस उघाड, असे दर हंगामात एक-दोनदा होतेच.

या उघाडीत आधार असतो तो तीन प्रकारच्या पाण्याचा. पहिला बाघ प्रकल्पाचा नहर. बाघ नदी पुढे वैनगंगेला मिळते. या प्रकल्पात सिरपूर, पुजारीटोला आणि कालीसराड ही धरणे येतात आणि पाणी महाराष्ट्रासोबत मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यालाही जाते. दुसरा आधार मामा तलाव आणि बोड्यांचा. मालगुजारी काळात गावोगावी बांधलेले हे तलाव १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपल्यावर सरकारकडे आले, पण आजही कित्येक गावांचे धान त्यांच्यावर उभे आहे. तिसरा आधार विहीर आणि बोअर. त्यांची मर्यादा पाण्याइतकीच विजेचीही आहे, कारण शेतीपंपाची वीज फेरपाळीने येते.

तिन्ही पाण्यांचा स्वभाव वेगळा आहे. नहराचे पाणी पाळीने येते, आपल्या सोयीने नाही. बोडीचे पाणी आपल्या हातात असते, पण मोजकेच असते. बोअरचे पाणी हवे तेव्हा मिळते, पण प्रत्येक तासाला पैसे लागतात. ज्याच्याकडे दोन सोयी आहेत त्याने नहराची पाळी आधी वापरावी आणि बोडी-बोअरचे पाणी गर्भावस्थेसाठी राखावे, हा साधा हिशेब आहे.

आधी जमीन ओळखा

या भागात जमिनीची नावे जुन्या लोकांना तोंडपाठ असतात : सिहार, मोरांड, कन्हार आणि बर्डी. पाण्याचा निर्णय या नावांपासूनच सुरू होतो.

सिहार हलकी असते. रोवणीच्या धानाला ती चांगली, पण पाणी लवकर मुरते. तिथे थोडे-थोडे आणि वारंवार पाणी द्यावे लागते. मोरांड मध्यम, तिच्यात पाणी टिकते आणि निचराही होतो. कन्हार काळी आणि भारी. ती ओल सर्वांत जास्त दिवस धरते, पण एकदा सुकली की मोठ्या भेगा पडतात. मग दिलेले पाणी आधी भेगांमध्येच जाते. बर्डी उंचावरची, मुरमाड. तिथे पाणी उभे ठेवण्याचा हट्ट म्हणजे पाणी खाली मुरवणे.

एकाच शेतकऱ्याच्या चार बांध्यांत तीन प्रकारची माती असू शकते. म्हणून 'शेजाऱ्याने पाणी सोडले म्हणून आपणही सोडू' हे दरवेळी बरोबर ठरत नाही.

कापणीपासून मागे मोजा

धान हलके असो, मध्यम असो की भारी, फुलोरा साधारण कापणीच्या ३० दिवस आधी येतो. लोंबी पोटात धरायला त्याच्याही ३० ते ३५ दिवस आधी सुरुवात होते. जातीनुसार फरक पडतो तो मुख्यतः त्याआधीच्या, फुटवे येण्याच्या काळात. त्यामुळे पेरणीची तारीख आणि जातीचे दिवस माहीत असले की पाण्याची खरी गरज कधी येणार हे जूनमध्येच वहीत लिहिता येते.

एक उदाहरण पाहा. २५ जूनला पऱ्हे टाकले. धान १२० दिवसांचे हलके असेल तर कापणी २३ ऑक्टोबरच्या आसपास आणि फुलोरा २३ सप्टेंबरच्या आसपास येतो. तेव्हा मान्सून अजून असतो. तेच धान १४० दिवसांचे भारी असेल तर कापणी १२ नोव्हेंबरला आणि फुलोरा १३ ऑक्टोबरला जातो. विदर्भातून मान्सून साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात परततो. म्हणजे भारी धानाचा फुलोरा नेमका पाऊस गेल्यावर येतो.

यातून निर्णय स्पष्ट होतो. ज्या बांधीला नहर, तलाव किंवा बोअरचे शेवटचे पाणी नक्की मिळणार आहे, तिथेच भारी धान लावावे. वरच्या, पावसावरच्या बांधीत हलके धानच बरे. पाण्याचा निम्मा निर्णय बियाणे घेतानाच होऊन जातो, ही गोष्ट अनेकदा ऑक्टोबरमध्ये लक्षात येते आणि तेव्हा उशीर झालेला असतो.

कोणत्या अवस्थेत किती पाणी

- रोवणी ते मूळ धरेपर्यंत : साधारण ८ ते १० दिवस, २ ते ३ सेंटिमीटर पाणी. जास्त पाणी बांधले तर रोप तरंगते, कोवळी पाने सडतात.
- फुटवे येताना : उथळ पाणी, ३ ते ५ सेंटिमीटर. याच काळात मधून-मधून पाणी उतरू दिले तरी चालते. उलट सतत खोल पाणी ठेवले तर फुटवे कमी येतात.
- गर्भावस्था, निसवा आणि फुलोरा : ५ सेंटिमीटर, आणि या काळात बांधी सुकू द्यायची नाही. फुलोऱ्याच्या एक आठवडा आधीपासून एक आठवडा नंतरपर्यंत तर अजिबातच नाही.
- दाणा भरताना : चिखल ओला राहील इतके पुरे.
- कापणीच्या १० दिवस आधी : पाणी काढून टाकावे. दाणा सारखा पिकतो, कापणीला जमीन घट्ट होते.

युरियाची मात्रा देताना पाणी काढून चिखलावर खत द्यावे आणि दुसऱ्या दिवशी पाणी बांधावे. उभ्या पाण्यात टाकलेला युरिया धुऱ्याच्या तोंडातून शेजाऱ्याच्या बांधीत जातो. मोठ्या पावसाचा अंदाज असेल तर खत दोन दिवस थांबवलेले बरे.

तुडतुड्यांचा जोर दिसला तर बांधीतील पाणी तीन-चार दिवसांसाठी काढून टाकण्याचा सल्ला दिला जातो. दाट, खोल पाण्यातल्या धानात बुंध्याशी हवा खेळत नाही आणि तिथेच तुडतुडे वाढतात. फुलोऱ्याचे दिवस असतील तर पाणी काढले तरी चिखल ओला राहील याची काळजी घ्यावी.

फूटभर पाइपची युक्ती

बांधीत वर पाणी दिसत नाही म्हणजे धान तहानले, असे नसते. पाणी वितभर खाली असले तरी मुळे ते घेतात. वरून न दिसणारे हे पाणी पाहण्यासाठी फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने एक सोपी पद्धत पुढे आणली. ती आता आशियातील अनेक देशांत वापरात आहे.

चार इंची पीव्हीसी पाइपचा ३० सेंटिमीटरचा, म्हणजे फूटभर तुकडा घ्यावा. त्याच्या खालच्या अर्ध्या भागाला सगळीकडून छिद्रे पाडावीत. छिद्रांचा भाग, म्हणजे १५ सेंटिमीटर, बांधीत रुतवावा आणि आतली माती हाताने काढून टाकावी. वरचा अर्धा भाग बाहेर राहू द्यावा. जागा धुऱ्याजवळची, जाता-येता दिसणारी असावी, पण अगदी धुऱ्याला चिकटून नसावी आणि खोलगटही नसावी. बांधीची सरासरी पातळी असेल तिथे पाइप लावावा. थोड्या वेळात पाइपमधले पाणी बाहेरच्या पाण्याच्या पातळीला येते.

मग दररोज सकाळी पट्टी घालून पाहावे. पाणी जमिनीखाली १५ सेंटिमीटरवर गेले की ५ सेंटिमीटर उभे राहील इतके पाणी द्यावे आणि पुन्हा उतरू द्यावे. रोवणीनंतर दोन आठवडे ही पद्धत सुरू करू नये. तण जास्त असेल तर तीन आठवडे थांबावे. फुलोऱ्याच्या काळात ती बंद ठेवावी. नीट पाळली तर उत्पादन न घटता पाणी ३० टक्क्यांपर्यंत वाचू शकते, असा या पद्धतीचा अनुभव आहे.

कन्हार जमिनीत मात्र थोडी सावधगिरी हवी. १५ सेंटिमीटरची वाट पाहता-पाहता भेगा मोठ्या झाल्या तर वाचवलेले पाणी भेगांतच जाते. तिथे बारीक, केसासारखी भेग दिसली की पाणी द्यावे.

हिशेब लिटरमध्ये करा

एक एकरात एक सेंटिमीटर पाणी म्हणजे सुमारे ४० हजार लिटर. पाच सेंटिमीटरची एक पाळी म्हणजे दोन लाख लिटर. हे दोन आकडे लक्षात ठेवले की पुढचे सगळे गणित सोपे होते.

पंपाचे पाणी मोजायला २०० लिटरचा ड्रम पाइपखाली ठेवावा आणि मोबाइलवर वेळ पाहावी. ड्रम २० सेकंदांत भरला तर पंप तासाला ३६ हजार लिटर पाणी देतो. दोन लाख लिटरला साडेपाच तासांच्या वर वेळ लागेल. विजेची पाळी आठ तासांची असेल तर एका पाळीत एक एकर होते, दीड एकर होत नाही. हे आधी कळले तर रात्री अर्धवट भिजलेली बांधी सोडून परत येण्याची वेळ येत नाही.

बोडीचेही तसेच. २० मीटर लांब, २० मीटर रुंद बोडीत सरासरी दोन मीटर वापरता येण्यासारखे पाणी असेल, तर ते ८०० घनमीटर, म्हणजे आठ लाख लिटर होते. कागदावर या पाण्यात एका एकराच्या चार पाळ्या निघतात. उन्हाने उडणारे आणि तळाशी मुरणारे पाणी वजा केले तर तीन धराव्यात. आता निर्णय शेतकऱ्याचा आहे : एका एकराला तीन पाळ्या, की तीन एकरांना फुलोऱ्यातली एकच पाळी? ज्याची तीन एकर भारी धानाची बांधी पावसावर आहे, त्याच्यासाठी बऱ्याच वेळा दुसरा मार्ग जास्त पोती देतो. पण त्यासाठी ऑगस्टच्या छोट्या उघाडीत बोडीला हात न लावण्याचा धीर लागतो.

बांधीतून बांधीत पाणी : वाद इथेच होतो

नहराच्या आणि तलावाखालच्या बहुतेक शेतांत पाणी वरच्या बांधीतून खालच्या बांधीत जाते. यात तीन अडचणी आहेत. वरच्याचे खत खाली जाते. खालच्याला पाणी हवे असले तरी वरच्याचे भरेपर्यंत थांबावे लागते. आणि एकट्या शेतकऱ्याला पाणी उतरू द्यायचे म्हटले तरी जमत नाही, कारण त्याच्या बांधीतून दुसऱ्याचे पाणी जात असते.

यावर उपाय म्हणजे धुऱ्याच्या कडेने छोटा पाट काढणे. फूट-दीड फूट जागा जाते, हे खरे. पण प्रत्येक बांधीचे तोंड वेगळे होते, ज्याला हवे तेव्हा तो पाणी घेतो, नको तेव्हा बंद करतो. चार शेजाऱ्यांनी रोवणीच्या आधी बसून हे ठरवले तर ऑक्टोबरमधली रात्रीची भांडणे टळतात.

धुऱ्यांची देखभालही तितकीच महत्त्वाची. खेकड्यांच्या बिळांतून रात्रभर पाणी गळते आणि सकाळी बांधी कोरडी दिसते. शेतकरी म्हणतो पाणी मुरले, प्रत्यक्षात ते धुऱ्यातून निघून गेलेले असते. रोवणीच्या आधी धुरे छाटून, चिखलाने लिंपून, चांगले उंच घेतले तर ऑगस्टचा मोठा पाऊसही बांधीत अडवता येतो आणि एखादी पाळी तशीच वाचते.

नहराच्या पाण्यासाठी पाटबंधारे विभागाकडे ठरलेल्या मुदतीत नमुना क्रमांक ७ वर पाणी अर्ज द्यावा लागतो. हंगामाआधी विभागाचे जाहीर प्रकटन निघते, त्याकडे लक्ष ठेवावे. महाराष्ट्रात २००५ साली सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्याचा कायदा झाला. त्यानुसार पाणीवापर संस्थांना आपल्या भागातले पाणी वाटण्याचा अधिकार मिळतो. जिथे संस्था चालू आहे तिथे पाळी नहराच्या शेवटच्या शेतापासून सुरू केली, तर टोकाच्या शेतकऱ्याचे धान सुकण्याची वेळ येत नाही. वरच्याला पाणी तसेही मिळतेच.

पाऊस मोजा, अंदाज पाहा

५० मिलिमीटर पाऊस म्हणजे ५ सेंटिमीटर पाणी, म्हणजेच एक पूर्ण पाळी. म्हणून पाऊस 'चांगला झाला' एवढ्यावर थांबू नये. सरळ कडांचा, सपाट बुडाचा एखादा डबा उघड्यावर ठेवून पट्टीने पाणी मोजले तरी शेतापुरता अंदाज येतो. गावात पडला आणि शेतात नाही, असे अनेकदा होते. त्यामुळे मंडळाच्या नोंदीपेक्षा शेतातला डबा जास्त कामाचा.

भारतीय हवामान विभागाचा कृषी सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. २०१९ मध्ये सुरू झालेल्या 'मेघदूत' या मोबाइल अॅपवर जिल्ह्याचा पुढील पाच दिवसांचा अंदाज मराठीत पाहता येतो. पाइपमधले पाणी १० सेंटिमीटरवर आहे आणि तीन दिवसांत चांगल्या पावसाची शक्यता आहे, तर फुटव्याच्या काळात थांबता येते. हीच स्थिती फुलोऱ्यात असेल तर थांबू नये. अंदाज चुकला तर तिथे दुसरी संधी नसते.

गोंदिया जिल्ह्यासाठी हिवरा येथे कृषी विज्ञान केंद्र आहे. जात, माती आणि पाण्याच्या सोयीनुसार नेमका सल्ला तिथे किंवा तालुका कृषी अधिकारी कार्यालयात विचारता येतो.

उन्हाळी धान की दुसरे पीक?

खरीप संपला की पुढचा प्रश्न येतो. उन्हाळी धानाला पाऊस नसतो, ऊन कडक असते, त्यामुळे १००० ते १५०० मिलिमीटर पाणी लागते. गव्हाला साधारण ४०० ते ४५० मिलिमीटर पुरते, हरभऱ्याला २०० ते २५०. म्हणजे १२०० मिलिमीटरच्या हिशेबाने एक एकर उन्हाळी धानाच्या पाण्यात पावणेतीन एकर गहू किंवा पाचेक एकर हरभरा भिजतो.

तरीही शेतकरी उन्हाळी धानाकडे वळतो, कारण हमीभावाने खरेदी होणारे ते ओळखीचे पीक आहे. शिवाय सखल बांधीत जानेवारीतही ओल हटत नाही, तिथे हरभरा मर खातो. हे खरे आहे. म्हणून निर्णय बांधीनिहाय घ्यावा. सखल, नहराचे उन्हाळी पाणी नक्की असलेल्या बांधीत धान, आणि मोरांड किंवा निचऱ्याच्या कन्हारमध्ये हरभरा, गहू, जवस. फक्त बोअरच्या भरवशावर उन्हाळी धान लावताना मार्च-एप्रिलमध्ये बोअर किती तास चालतो, हे मागच्या वर्षाच्या अनुभवावरून ठरवावे. डिसेंबरच्या पाण्यावरून ठरवू नये.

पाणी एकदाच मिळणार असेल तर कुठे द्यायचे, हेही माहीत असावे. गव्हाला पहिले पाणी पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी, मुकुटमुळे फुटताना चुकवू नये. हरभऱ्याला फांद्या फुटताना आणि घाटे भरताना, ३० ते ३५ आणि ६० ते ६५ दिवसांच्या सुमारास पाणी द्यावे. त्यापेक्षा जास्त पाण्याने हरभरा नुसता वाढतो, घाटे कमी धरतात.

आणि ज्याच्याकडे काहीच पाणी नाही त्याच्यासाठी जुनी उतेरा पद्धत आहेच. धान कापणीच्या १० ते १५ दिवस आधी, चिखलात ओल असताना लाखोळी किंवा जवस फेकायचे. धानाचे शेवटचे पाणी काढण्याची तारीख इथे दोन पिकांसाठी उपयोगी पडते : लवकर काढले तर उतेरा उगवत नाही, उशिरा काढले तर बी सडते.

धुऱ्यावरची झाडे, परसबाग, शाळेचे आवार

हाच नियम झाडांनाही लागू आहे. वरची माती सुकलेली दिसली म्हणून रोज थोडे पाणी शिंपडले, तर मुळे वरच राहतात आणि मे महिन्याच्या उन्हात झाड माना टाकते. बोटभर नाही, वितभर खोल उकरून पाहावे. तिथली माती मुठीत दाबून गोळा होत असेल तर पाणी नको. फुटत असेल तर आळे भरून द्यावे आणि काही दिवस थांबावे. पाणी खोडाला नाही, फांद्यांच्या सावलीच्या कडेला द्यावे. सकाळी किंवा सूर्य कलल्यावर द्यावे. आळ्यात धानाचा पेंढा किंवा पालापाचोळा अंथरला तर पाळीतले अंतर आणखी वाढवता येते. शाळा, ग्रामपंचायत, स्मशानभूमी येथे लावलेली रोपे पहिल्या दोन उन्हाळ्यांत मरतात, ती अशा खोल पाण्याने जगू शकतात.

थोडक्यात लक्षात ठेवावे

- पऱ्हे टाकतानाच फुलोऱ्याची तारीख वहीत लिहा : कापणीच्या ३० दिवस आधी.
- शेवटचे पाणी नक्की असेल तिथेच भारी धान.
- फुटव्यात पाणी उतरू द्या, फुलोऱ्यात सुकू देऊ नका.
- एका एकराला ५ सेंटिमीटर म्हणजे दोन लाख लिटर. पंप आणि बोडी या मापाने तपासा.
- खेकड्यांची बिळे आधी बुजवा, पंप नंतर सुरू करा.
- नहराचे पाणी आधी वापरा. बोडीचे पाणी ऑगस्टमध्ये नाही, ऑक्टोबरमध्ये लागते.